जे पुस्तक लिहिताना लेखिकेलाच कंटाळा आला होता, ते आज दीडशे वर्षं वाचलं जातंय. 'चौघीजणी'वाल्या लुइसा अल्कॉटची गोष्ट

मराठी घरांतल्या पुस्तकांच्या कपाटात 'चौघीजणी' नावाचं पुस्तक बऱ्याचदा सापडतं. कुणाच्या आईचं असतं, कुणाच्या आत्याचं असतं, तर कुणी लायब्ररीतून आणून परत करायचं विसरलेलं असतं.

मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणींची ही गोष्ट मराठीत आणली शांता शेळके यांनी. मूळ पुस्तकाचं नाव 'लिटल विमेन'. साल १८६८. देश अमेरिका आणि लेखिका लुइसा मे अल्कॉट. या पुस्तकावर हॉलिवूडनं पुन्हा पुन्हा सिनेमे काढले. २०१९ साली आलेला ग्रेटा गर्विगचा सिनेमा तर अनेकांनी पाहिला असेल.

पण हे पुस्तक लिहायची लुइसाची मुळात इच्छाच नव्हती.

प्रकाशकानं मागं लागून लिहायला लावलं. पहिली बारा प्रकरणं त्याच्याकडं पाठवली, तर त्याला ती कंटाळवाणी वाटली. आणि गंमत म्हणजे लुइसालासुद्धा त्याचं म्हणणं पटलं.

मग तेच पुस्तक दीडशे वर्षं कसं काय चाललं?

याचं उत्तर त्या आधीच्या वीस वर्षांत आहे. त्या वीस वर्षांत लुइसाला कुणी लिहिणं सोड म्हणून सांगितलं, कुणी पुस्तक काप म्हणून सांगितलं, कुणी मसाला टाक म्हणून सांगितलं. यातलं कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडायचं, हे कळायला तिला वयाची पस्तिशी गाठावी लागली.

वडील तत्त्वज्ञ, घरात खायची मारामार

लुइसाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ चा. गाव पेनसिल्व्हेनियातलं जर्मनटाउन. चार बहिणींत ती दुसरी. थोरली ॲना, मग लुइसा, मग एलिझाबेथ आणि सगळ्यात धाकटी मे.

वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे शिक्षक. डोक्यात कल्पना भारी, पण व्यवहार शून्य. मुलांना छडी मारायची नाही, त्यांच्याशी बोलायचं, त्यांना प्रश्न विचारायचे, असं त्यांचं शिकवणं. आज ऐकायला छान वाटतं, पण हा काळ १८३० च्या दशकातला. बॉस्टनमध्ये त्यांनी टेंपल स्कूल नावाची शाळा काढली. लहान मुलांशी बायबलवर केलेल्या चर्चा त्यांनी छापल्या आणि गावात बोंबाबोंब झाली. पालकांनी मुलं काढून घेतली. पुढं एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिल्यावर उरलेल्या पालकांनीही पाठ फिरवली आणि ब्रॉन्सन यांचं शाळा चालवणं संपलं.

मग त्यांनी त्याहून मोठं धाडस केलं.

१८४३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये 'फ्रूटलँड्स' नावाची वसाहत काढली. नियम असे की मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत. कापूस गुलामांच्या मेहनतीतून येतो म्हणून सुती कपडे नाहीत. लोकर मेंढीची म्हणून लोकरीचेही कपडे नाहीत. उरलं तागाचं कापड. न्यू इंग्लंडच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत तागाचे कपडे घालून राहायचं. लुइसा तेव्हा दहा वर्षांची. पुढच्या जानेवारीपर्यंत सगळा प्रयोग गुंडाळावा लागला.

घर चालवायचं काम आई अबिगेल आणि नंतर मुलींवर पडलं. लुइसानं शिवणकाम केलं, शिकवण्या केल्या, लोकांची मुलं सांभाळली. डेडहॅम गावात एका घरी मोलकरीण म्हणून सात आठवडे राबली, त्याचे हातात पडले चार डॉलर.

पण या घरात एक श्रीमंती होती. ती म्हणजे लिहिण्यावाचण्याची.

काँकॉर्ड गावात राहायला गेल्यावर शेजारी राल्फ वाल्डो इमर्सन. अमेरिकेतला त्या काळचा सगळ्यात मोठा विचारवंत. त्यांनी लुइसाला आपल्या घरातली पुस्तकं वाचायला मोकळीक दिली. हेन्री डेव्हिड थोरो हा घरच्यासारखा माणूस. चारही बहिणी मिळून नाटकं बसवायच्या, हातानं लिहून घरातलं वर्तमानपत्र काढायच्या.

मुलींना डायरी लिहायची सवय लावलेली होती. फक्त ती डायरी खासगी नव्हती. आईवडील ती वाचायचे. आई त्यात चिठ्ठ्या लिहून ठेवायची. म्हणजे लिहिलेलं दुसरं कुणीतरी वाचणार आणि त्यावर बोलणार, याची लुइसाला लहानपणापासूनच सवय होती.

फुलांच्या पऱ्या आणि बत्तीस डॉलर

मुलांसाठी लिहिण्याची तिची सुरुवात इमर्सन यांच्या मुलीपासून झाली. सोळा-सतरा वर्षांची लुइसा लहानग्या एलेन इमर्सनला गोष्टी रचून सांगायची. फुलांच्या, पऱ्यांच्या, बागेतल्या. त्याच गोष्टींचं पुस्तक डिसेंबर १८५४ मध्ये आलं. नाव 'फ्लॉवर फेबल्स'. लुइसाला मिळाले बत्तीस डॉलर.

गोष्टी गोड होत्या. पण तो आवाज लुइसाचा नव्हता. त्या काळात मुलांची पुस्तकं ज्या सुरात लिहिली जायची, त्याच सुरात तिनंही लिहिलं होतं. चांगली मुलं, वाईट मुलं, शेवटी बोध आणि विषय संपला.

प्रत्यक्षातली लुइसा कशी होती? झाडावर चढणारी, पळण्यात मुलांना हरवणारी, पटकन चिडणारी आणि चिडल्यावर स्वतःवरच वैतागणारी. यातलं काहीही त्या पुस्तकात नव्हतं.

शिकवणं सोडू नको, लेखन तुझं काम नाही

पुढची काही वर्षं अवघड गेली. १८५८ साली एलिझाबेथ गेली. दोन वर्षांपूर्वी तिला स्कार्लेट फीवर झाला होता, त्यातून ती कधी पूर्ण बरी झालीच नाही. वय होतं फक्त बावीस. दोन वर्षांनी थोरल्या ॲनाचं लग्न झालं. लुइसाला घर रिकामं वाटायला लागलं.

लिहिणं मात्र चालू होतं. काँकॉर्डच्या ऑर्चर्ड हाऊसमध्ये वडिलांनी तिच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीला एक छोटं अर्धगोल टेबल करून दिलं होतं. त्या काळात एका मुलीला लिहायला स्वतःचं टेबल मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. व्यवहार न कळणाऱ्या ब्रॉन्सन यांना ही गोष्ट मात्र बरोबर कळली होती.

पण घराबाहेरच्या जगाचं मत वेगळं होतं.

जेम्स टी. फील्ड्स हे बॉस्टनमधलं मोठं नाव. प्रकाशक आणि 'अटलांटिक मंथली' या मासिकाचे संपादक. त्यांनी लुइसाला सरळ सांगितलं की तुला लिहिता येत नाही, तू आपलं शिकवण्याचं काम कर. वर बालवाडी काढायला चाळीस डॉलर उसनेही दिले.

म्हणजे टीका करणारा माणूस वाईट नव्हता. त्याला तिचं भलंच करायचं होतं. आणि अशी टीका पचवायला सगळ्यात अवघड असते.

लुइसानं बालवाडी काढली. ती चालली नाही. लिहिणं तिनं सोडलं नाही. पुढं पुस्तकांचे पैसे यायला लागल्यावर तिनं ते चाळीस डॉलर फील्ड्सना परत केले आणि शिकवण्यापेक्षा लिहिण्यातच जास्त कमाई होते, हेही कळवलं.

आवाज सापडला तो युद्धाच्या हॉस्पिटलमध्ये

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. लुइसाचं घर गुलामगिरीच्या कट्टर विरोधातलं. डिसेंबर १८६२ मध्ये, तिशी पूर्ण होताच, ती वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउनच्या युनियन हॉटेल हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून दाखल झाली.

नावाला हॉटेल. आत कोंदट खोल्या, दुर्गंधी आणि रांगेनं झोपवलेले जखमी सैनिक. काही आठवड्यांतच लुइसाला टायफॉइड झाला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणं कॅलोमेल नावाचं पाऱ्याचं औषध दिलं गेलं. ती वाचली, पण तब्येत कायमची ढासळली. या औषधानंच आपलं शरीर खराब केलं, असं तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

हॉस्पिटलमधून तिनं घरी पत्रं लिहिली होती. वापरण्यासाठी किंवा छापण्यासाठी नाही, घरच्यांना खबर कळावी म्हणून. त्यात सैनिकांचं दुःख होतं तसे विनोदही होते. स्वतःची फजितीही होती. कोण कसं बोलतं, कोण कशावर हसतं, मरताना कोण कसं शांत राहतं, हे तिनं जसं दिसलं तसं लिहिलं होतं.

ती पत्रं थोडी सारखी करून १८६३ मध्ये बॉस्टनच्या 'कॉमनवेल्थ' या वर्तमानपत्रात छापली गेली. मग 'हॉस्पिटल स्केचेस' नावानं पुस्तक आलं आणि लोकांनी ते उचलून धरलं.

लुइसाला आश्चर्य वाटलं. ज्यावर तिनं मेहनत घेतली होती ते लिखाण कुणी विचारत नव्हतं आणि घाईघाईत लिहिलेली पत्रं लोक आवडीनं वाचत होते. आपली शैली कोणती हे या पुस्तकानं दाखवलं, असं तिनं पुढं स्वतःच नोंदवून ठेवलंय.

पण शैली कळली म्हणून ती लगेच वापरता येते असं नाही.

सगळ्यांचं ऐकलं आणि पुस्तकाचं वाटोळं झालं

लुइसाच्या मनात मोठी, गंभीर कादंबरी लिहायची होती. तिचं नाव 'मूड्स'. १८६० साली तिनं ती झपाटल्यासारखी लिहून काढली. मग घरच्यांनी वाचली, ओळखीच्यांनी वाचली, प्रकाशकांनी वाचली. प्रत्येकाचं मत वेगळं. शेवटी छापायची तर कादंबरी लहान करा, अशी अट आली. लुइसानं दहा प्रकरणं कापली.

१८६४ च्या शेवटी पुस्तक आलं. टीकाही आली. लग्नाबद्दल लेखिकेचं म्हणणं नेमकं काय आहे यावरच वाद झाले. पुढं मोठा कादंबरीकार झालेला हेन्री जेम्स तेव्हा फक्त बावीस वर्षांचा होता. त्यानं १८६५ मध्ये 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू'मध्ये या कादंबरीची चांगलीच सालं काढली. लेखिकेला माणसांच्या स्वभावाची माहितीच नाही, असा त्याचा सूर होता.

लुइसाला हे लागलं. पण तिनं या जखमेचं काय केलं ते बघण्यासारखं आहे.

'लिटल विमेन'च्या दुसऱ्या भागात एक प्रकरण आहे. त्यात ज्यो आपली पहिली कादंबरी लिहिते. घरातला प्रत्येक जण तिला वेगळा सल्ला देतो. एकाला जे आवडतं ते दुसऱ्याला खटकतं. ज्यो सगळ्यांना खूश करायला जाते, कादंबरीची काटछाट करते आणि शेवटी ती कुणालाच धड आवडत नाही. लुइसानं तिथं गाढव घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याच्या गोष्टीची आठवण काढलीय. आपल्याकडंही ती लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. ज्यानं जे सांगितलं ते ऐकत गेलं की गाढवही जातं आणि अब्रूही.

त्याच प्रकरणात पुढं समीक्षकांची मतं येतात. ज्योनं आयुष्यातून जसंच्या तसं उचललेलं टीकाकारांना अशक्य वाटतं आणि डोक्यातून रचलेलं त्यांना अगदी खरंखुरं वाटतं. हे वाचताना हसू येतं. पण यामागं 'मूड्स'ची चार वर्षं आहेत.

दुसऱ्या नावानं खून, सूड आणि अफू

या सगळ्या काळात घर कशावर चालत होतं? सनसनाटी कथांवर.

फ्रँक लेस्लीच्या साप्ताहिकात १८६३ मध्ये तिची एक कथा बक्षीसपात्र ठरली. बक्षीस शंभर डॉलर. कथेवर तिचं नाव नव्हतं. त्यानंतर तिनं अशा अनेक कथा लिहिल्या. कधी निनावी, कधी ए. एम. बर्नार्ड या टोपणनावानं. सूड घेणाऱ्या बायका, वेषांतर, नशा, कटकारस्थानं असा सगळा मसाला.

पैसे लगेच मिळायचे आणि लिहितानाही तिला मजा यायची. पण हे आपलं लिखाण आहे हे काँकॉर्डच्या सभ्य शेजाऱ्यांना कळू द्यायची तिची तयारी नव्हती. हे गुपित इतकं पक्कं राहिलं की बर्नार्ड म्हणजेच लुइसा अल्कॉट, हे जगाला १९४० च्या दशकात कळलं. लिओना रोस्टेनबर्ग आणि मॅडलीन स्टर्न या जुन्या पुस्तकांच्या अभ्यासक जोडीनं तिचा पत्रव्यवहार शोधून ते सिद्ध केलं.

या कथांनी तिला एक गोष्ट मात्र शिकवली. वाचकाला पान उलटायला कसं लावायचं. मुलांसाठी लिहिताना हीच गोष्ट कामाला आली.

मुलींसाठी पुस्तक लिहा

सप्टेंबर १८६७. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेतले थॉमस नाइल्स यांनी लुइसाला मुलींसाठी पुस्तक लिहायला सांगितलं. मुलांच्या साहसकथा तेव्हा धडाधड खपत होत्या. मुलींसाठी तसं काही नव्हतं. नाइल्सना तिथं बाजार दिसला.

त्याच सुमारास 'मेरीज म्युझियम' या मुलांच्या मासिकाचं संपादकपदही तिच्याकडं आलं. वर्षाला पाचशे डॉलर.

मासिकाचं काम तिनं घेतलं. पुस्तकाचं मात्र टाळत राहिली. आपल्या बहिणी सोडल्या तर आपल्याला मुली फारशा माहीतही नाहीत आणि आवडतही नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. पण ब्रॉन्सन यांचंही एक पुस्तक नाइल्सकडं होतं. मुलीनं पुस्तक लिहिलं तर वडिलांचं पुस्तक छापू, असा तो मामला होता. आयुष्यभर ज्या माणसानं घर चालवलं नाही, त्याच्यासाठी लुइसा लिहायला बसली.

मे १८६८ मध्ये तिनं सुरुवात केली. मुली माहीत नाहीत म्हणून ज्या माहीत होत्या त्याच घेतल्या. ॲनाची झाली मेग. स्वतःची झाली ज्यो. एलिझाबेथची झाली बेथ. 'मे' या नावातली अक्षरं इकडची तिकडं करून झाली एमी. गरिबी खरी, नाटकं खरी, भांडणंही बरीचशी खरी.

जूनमध्ये बारा प्रकरणं नाइल्सकडं गेली आणि कंटाळवाणी ठरली.

'मूड्स'च्या वेळची लुइसा असती तर तिनं इथं कापाकापी सुरू केली असती. मसाला टाकणंही तिला जमत होतंच. तिनं दोन्ही केलं नाही. मुलींना साधी आणि जिवंत पुस्तकं हवी आहेत, एवढ्या एका गोष्टीवर ती पुढं लिहीत राहिली. जुलैच्या मध्यापर्यंत चारशे पानांचं हस्तलिखित तयार झालं.

आता नाइल्सनी एक हुशारी केली. आपल्याला पुस्तक आवडलं नाही, पण हे पुस्तक आपल्यासाठी लिहिलेलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते हस्तलिखित आपल्या भाचीला वाचायला दिलं. आणखी काही मुलींनाही वाचायला दिलं.

मुली हसल्या, रडल्या आणि पुस्तक सोडेनात.

नाइल्सनी आपलं मत बाजूला ठेवलं आणि मुलींचं मानलं. ऑगस्टमध्ये प्रुफं हातात आली तेव्हा लुइसालाही पुस्तक वाटलं होतं त्यापेक्षा बरं वाटलं. यात सनसनाटी काही नाही, साधं आणि खरं आहे, आपण बरंचसं जगलोय आणि पुस्तक चाललं तर याच कारणानं चालेल, अशा अर्थाची नोंद तिनं डायरीत केली.

नाइल्सनी तिला आणखी एक सल्ला दिला. एकरकमी पैसे घेऊन हक्क विकू नका, रॉयल्टी घ्या. तिनं ऐकलं. ठरली साडेसहा टक्क्यांहून थोडी जास्त. तिच्या घराचं पुढचं सगळं आयुष्य या सल्ल्यानं बदललं.

यात वेगळं काय होतं?

सप्टेंबरच्या शेवटी पुस्तक बाजारात आलं. पहिली दोन हजारांची आवृत्ती बघता बघता संपली.

तोपर्यंतच्या पुस्तकांत मुलगी एक तर शहाणी असायची किंवा शिक्षा भोगणारी. ज्यो यातली कुणीच नव्हती. ती शीळ वाजवते, रांगडे शब्द वापरते, शाईनं कपडे खराब करते, रागाच्या भरात बहिणीशी असं वागते की बहिणीच्या जिवावर बेततं आणि मग पश्चात्तापानं रडते. तिची आईही आपल्याला राग येतो हे मुलीपाशी कबूल करते.

उपदेश नव्हता असं नाही. भरपूर होता. पण उपदेश करणारी लेखिका वर उभी राहून बोट दाखवत नव्हती, त्याच घरात बसून बोलत होती. हॉस्पिटलमधून घरी पत्रं लिहिणारी तीच लुइसा. फक्त आता पत्रं घरच्यांऐवजी देशभरातल्या मुलींना होती.

आता टीका वाचकांकडूनच आली

पुस्तक संपता संपता मुलींची पत्रं यायला लागली. सगळ्यांचा प्रश्न एकच. ज्यो आणि शेजारच्या लॉरीचं लग्न कधी?

लुइसा वैतागली. मुलींच्या आयुष्याचा शेवट लग्नच असतो का, हा तिचा राग होता. ज्योनं तिच्यासारखंच लग्न न करता लिहीत राहावं असं तिला वाटत होतं. प्रकाशकाला आणि वाचकांना मात्र लग्न पाहिजे होतं.

१ नोव्हेंबरला तिनं दुसरा भाग लिहायला घेतला आणि नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी संपवला. एप्रिल १८६९ मध्ये तो छापून आला. त्यात तिनं मधला मार्ग काढला. ज्योचं लग्न लावलं, पण लॉरीशी नाही. वयानं मोठ्या, गबाळ्या जर्मन प्रोफेसर भेअरशी लावलं. कुणाच्या स्वप्नातही नसलेली जोडी तिनं मुद्दाम जमवली. वाचक आजही यावरून भांडतात.

हे भेअर महाशय कादंबरीत ज्योच्या सनसनाटी कथांवर टीका करतात आणि ज्यो त्या जाळून टाकते. प्रत्यक्षात लुइसानं तशा कथा इतक्या सहजासहजी सोडल्या नाहीत.

बाकीची टीकाही चालूच होती. काही धार्मिक नियतकालिकांना पुस्तकात धर्म कमी पडला. पहिल्या भागातली चित्रं धाकट्या मे नं काढली होती, ती समीक्षकांनी झोडपली. मे पुढं युरोपात जाऊन चांगली चित्रकार झाली, तो भाग वेगळा.

भाषेवरही आक्षेप होता. मुलींच्या तोंडी असले गावठी शब्द कशाला, असं म्हणणारे बरेच होते. १८८० च्या सुमारास प्रकाशकांनी नवी सचित्र आवृत्ती काढली, तेव्हा हे शब्द घासूनपुसून सभ्य केले गेले. मूळ पुस्तकातली जाडसर आई नव्या आवृत्तीत उंच झाली. पुढची अनेक दशकं बहुतेक वाचकांनी हीच गुळगुळीत आवृत्ती वाचली.

आणि लुइसा स्वतःही काही साधी नव्हती. १८७५ मध्ये 'एट कझिन्स' या पुस्तकात तिनं मुलांच्या लोकप्रिय साहसकथांमधल्या उथळ भाषेवर टोमणे मारले. ते जाऊन लागले ऑलिव्हर ऑप्टिक या नावानं लिहिणाऱ्या विल्यम ॲडम्सना. त्यांनी आपल्या मासिकातून उलट तिचीच पुस्तकं सोलून काढली. ज्या कारणासाठी तिनं बोलणी खाल्ली होती, त्याच कारणासाठी ती दुसऱ्याला बोलत होती.

आवाज सापडला आणि मग त्यातच अडकली

पैसे आले. लुइसानं घरावरचं सगळं कर्ज फेडलं, अगदी जुनं विसरलेलंसुद्धा. बहिणीला युरोपला नेलं. आईचं म्हातारपण सुखाचं केलं. 'ॲन ओल्ड-फॅशन्ड गर्ल', 'लिटल मेन' अशी पुस्तकं एकामागून एक आली. उजव्या हाताचा अंगठा काम करेना तेव्हा ती डाव्या हातानं लिहायला शिकली.

पण लोकांना तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. मुलांची गोष्ट. तिला याचा कंटाळा यायला लागला. मुलांना बोधाचं मऊ खिमट भरवतोय, असं ती आपल्याच लिखाणाबद्दल वैतागून लिहायची. रॉबर्ट्स ब्रदर्सनी लेखकाचं नाव न छापता पुस्तकांची मालिका काढली, तेव्हा तिनं त्यात १८७७ मध्ये 'अ मॉडर्न मेफिस्टोफिलीस' ही काळोखी कादंबरी देऊन हौस भागवून घेतली. १८८२ मध्ये 'मूड्स' परत हातात घेतली. कापलेलं काही परत जोडलं, शेवट बदलला आणि आपल्या मनासारखी करून छापली.

नंतरची वर्षं दुःखाची गेली. १८७७ मध्ये आई गेली. १८७९ मध्ये बाळंतपणानंतर मे पॅरिसमध्ये गेली. तिची तान्ही मुलगी लुइसानं आपल्याकडं आणून वाढवली. चार बहिणींच्या गोष्टीचा शेवटचा भाग 'जोज बॉइज' १८८६ मध्ये आला. ४ मार्च १८८८ रोजी ब्रॉन्सन गेले आणि दोनच दिवसांनी, ६ मार्चला, पंचावन्न वर्षांची लुइसाही गेली. काँकॉर्डच्या स्लीपी हॉलो दफनभूमीत इमर्सन, थोरो आणि हॉथॉर्न यांच्या जवळच तिची कबर आहे.

प्रसिद्ध झाल्यावर तिला लिहू पाहणाऱ्या तरुण मुलींची पत्रं यायची. आमचं लिखाण बघा, काहीतरी सल्ला द्या. अशाच एका मुलीला तिनं १८७८ च्या नाताळात उत्तर लिहिलं होतं. त्यातलं सांगणं अगदी साधं होतं. प्रत्येकानं आपल्या पद्धतीनं काम करावं. लिहीत राहावं आणि टीकेतून जेवढं शिकता येईल तेवढं शिकावं. व्याकरण आणि शुद्धलेखन सांभाळावं. छोट्या शब्दानं काम होत असेल तर मोठा शब्द वापरू नये. विशेषणं कमी करावीत. आणि आपण वीस वर्षं कमी पैशात, कुणाला माहीत नसताना लिहीत होतो, हेही तिनं त्यात सांगून टाकलं.

त्या वीस वर्षांतला फील्ड्सचा सल्ला, 'मूड्स'ची कापाकापी आणि बर्नार्डच्या कथा ज्यांनी कधी ऐकल्या नाहीत, अशा कितीतरी मराठी मुली शांताबाईंच्या 'चौघीजणी'तून ज्योला भेटल्या. त्यातल्या बऱ्याच जणींनी त्यानंतर गुपचूप एक वही केली आणि त्यात काहीतरी लिहायला घेतलं.